एकबुर्जीच्या पाण्यावर एक रविवार

समुद्र आमच्या वाशीमपासून पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर. आमच्या वस्तीतल्या बहुतेकांनी तो पाहिला तो ६ डिसेंबरलाच. चैत्यभूमीवर अभिवादन करून रांगेतून बाहेर पडावे, तो समोर दादरची चौपाटी. अंगात रात्रभराच्या गाडीचा शीण, हातात शिवाजी पार्कवर घेतलेल्या पुस्तकांची पिशवी, आणि डोळ्यांपुढे ते अफाट पाणी. मागच्या खेपेला आमचा पुतण्या सोबत होता. सर्वजण पाण्याकडे पाहत होते आणि हा आभाळाकडे. पांढरे-राखी कुरव लाटांवर घिरट्या घालत होते. एकाने पाण्यावरून काहीतरी उचलले, तोच तिघे त्याच्या मागे लागले. वर, खाली, डावीकडे, उजवीकडे अशी गिरक्यांची शर्यत झाली. शेवटी त्या बिचाऱ्याच्या चोचीतला घास सुटला आणि तो खाली पडण्याआधीच दुसऱ्याने झेलला. पुतण्याने हे सर्व मोबाईलमध्ये टिपले होते. परतीच्या गाडीत त्याने ते डब्यातल्या ओळखी-अनोळखी सर्वांना दाखवले.

त्या दिवसापासून त्याला नादच लागला. रात्रीचे जेवण झाले की मोबाईलवर पक्ष्यांच्या झटापटी पाहायच्या. थंड समुद्रावर स्कुआ नावाचा एक पक्षी असतो, तो दुसऱ्या पक्ष्याचा एवढा पिच्छा पुरवतो, की तो पक्षी गिळलेला मासाही ओकून टाकतो आणि स्कुआ तो हवेतच पकडतो. उष्ण समुद्रावरच्या फ्रिगेट पक्ष्याची पिसे पाण्यात भिजतात, त्यामुळे त्याला पाण्यावर बसता येत नाही. तो आपले पोट बरेचसे स्वतः भरतो, परंतु संधी मिळाली की लूटही करतो. बीबीसीच्या २०१७ च्या 'ब्लू प्लॅनेट टू' या मालिकेतले एक दृश्य तर त्याने आम्हाला चारदा दाखवले. सेशेल्स बेटांकडे सुरय पक्ष्यांची पिल्ले नुकतीच उडायला शिकतात, आणि खालून एक भला मोठा मासा पाण्याबाहेर झेप घेऊन त्यांना हवेतल्या हवेत गिळतो.

"हे पाहून झोप कशी येते रे तुला?" आमच्या सौ. म्हणाल्या.

झोप त्याला येतच नव्हती, ही खरी गोष्ट आहे. पोलीस भरतीची तयारी तो तीन वर्षांपासून करीत आहे. दोनदा थोडक्या गुणांनी हुकला. पहाटे पाचला उठून धावतो, दिवसा मिळेल ते काम करतो आणि रात्री मोबाईलमध्ये ससाण्याची झेप पाहतो. आम्ही एका कार्यालयात कारकून आहोत. आकडे जुळवण्यापलीकडे आम्हाला फारसे कळत नाही. परंतु या मुलाला त्या चित्रांत काय सापडते ते आपण एकदा पाहावे, असे आम्हाला वाटले. आम्ही म्हटले, "समुद्र राहू दे. एकबुर्जीला चल. मोबाईलशिवायही पाठलाग दिसतो."

जानेवारीतला रविवार ठरला. आमची आई, सौ., मुलगी, पुतण्या आणि आम्ही. एक ऑटो, एक मोटारसायकल. ज्वारीच्या भाकरी, बेसन, मिरचीचा ठेचा आणि कांदे बांधून घेतले. एकबुर्जी हे वाशीम शहराला पिण्याचे पाणी पुरवणारे धरण आहे. चंद्रभागा नदीवर आहे, पण ही पंढरपूरची चंद्रभागा नव्हे. ही आमची लहानशी नदी. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन आमचा जिल्हा झाला, परंतु बारमाही भरून वाहणारी मोठी नदी काही जिल्ह्याबरोबर मिळाली नाही. पैनगंगा, अडाण, काटेपूर्णा या नद्या उन्हाळ्यात दगडगोटे दाखवतात. म्हणून इथे माणसांना धरणाचा आधार, आणि पक्ष्यांनाही. ज्या वर्षी पाऊस दगा देतो त्या वर्षी एकबुर्जीची पातळी हा वाशीमच्या प्रत्येक घरातला बोलण्याचा विषय होतो. त्या पाण्याकडे आम्ही आजवर फक्त नळाच्या दृष्टीनेच पाहत आलो होतो.

धरणाच्या मातीच्या भिंतीवर चढलो तेव्हा ऊन कोवळे होते. वारा बोचत होता. आईने पदर कानांवरून घेतला आणि ती दगडावर बसली. पाण्याच्या मधोमध चांदव्यांचा थवा होता. काळे, बदकासारखे, कपाळावर पांढरा टिळा असलेले हे पक्षी. मासेमारांच्या बांबूंवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. आणि पाण्यावरून हलक्या पंखांनी ये-जा करीत होते नदी सुरय. पाठ राखी, चोच पिवळी, शेपटी दोन टोकांची. सुरय पाण्यावर एका जागी पंख मारीत थांबतो, खाली मान घालून पाहतो आणि सरळ सुरी पडावी तसा पाण्यात पडतो. बहुतेक वेळा रिकाम्या चोचीने वर येतो. आम्ही मोजत बसलो. आमच्या मोजणीत सात बुड्यांमागे एक मासा आला. पगाराच्या हिशेबासारखे आहे, असे मनात आले.

पहिला अर्धा तास काहीच घडले नाही. मोबाईलवर जे दर मिनिटाला घडते, ते प्रत्यक्षात घडायला तयार नव्हते. पुतण्या अस्वस्थ झाला. त्याने एक दगड उचलला आणि चांदव्यांच्या दिशेने भिरकावला. सगळा थवा पाण्यावर पाय आपटीत फडफडत पळाला. त्याने लगेच मोबाईल समोर धरला.

आम्ही ओरडलो. जरा जास्तच ओरडलो.

तो म्हणाला, "काका, टीव्हीवाले तरी काय करतात? ते वर्षभर थोडेच बसतात?"

प्रश्न रास्त होता. १९९५ साली डिस्कव्हरी वाहिनी आपल्या देशात आली, तेव्हा आमच्या वस्तीत एकाच घरी केबल होती. आम्ही शाळकरी मुले खिडकीला नाक लावून चित्ता हरणामागे कसा धावतो ते पाहायचो. तेव्हा आम्हालाही वाटायचे की जंगलात सतत असेच चालते. पुढे वाचनात आले की ही माणसे खरोखरच आठवडेच्या आठवडे, कधी महिने, आडोशाला बसून काढतात आणि त्यातून चार मिनिटांचे दृश्य तयार होते. दुरून भिंगाने चित्र घेता येते, आवाज घेता येत नाही. म्हणून पंखांची फडफड, पावलांचा आवाज पुष्कळदा मागाहून स्टुडिओत तयार करून जोडतात. सर्वच प्रामाणिक असतात असेही नाही. १९५८ साली डिस्ने कंपनीच्या 'व्हाइट वाइल्डरनेस' या चित्रपटात लेमिंग नावाचे उंदरासारखे प्राणी कड्यावरून स्वतःहून उड्या टाकताना दाखवले होते. त्या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. मागाहून उघड झाले की त्या प्राण्यांना बाहेरून आणून कड्यावरून ढकलले होते. जगाने मात्र एक खोटी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या खरी मानली.

आणि इतके दूर तरी कशाला जायचे? आपल्याच विदर्भात, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात ३१ डिसेंबर २०२४ रोजी एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह रस्त्यावर आली. पर्यटकांच्या गाड्यांनी दोन्ही बाजूंनी वाट अडवली. प्रत्येकाला फोटो हवा होता. त्याच चित्रफिती सगळीकडे फिरल्या आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आपणहून त्याची दखल घेतली. शिकारी प्राण्याला पाहायला गेलेली माणसेच त्याच्यामागे लागलेली होती.

"त्या गाड्यांत आणि तुझ्या दगडात फरक किती?" असे आम्ही विचारले. तो बोलला नाही, पण दुसरा दगडही उचलला नाही.

दहाच्या सुमारास उजव्या बाजूच्या गवतावरून एक तपकिरी पक्षी संथपणे पाण्यावर आला. पंख वर उचललेले, उडणे अगदी जमिनीलगत. हा दलदली भोवत्या, थंडीत उत्तरेकडून येणारा शिकारी. चांदव्यांनी त्याला आमच्याआधी पाहिले. इकडे तिकडे विखुरलेले ते सर्व पक्षी क्षणात एकमेकांना चिकटले. पाण्यावर एक काळी सतरंजी अंथरल्यासारखे दिसले. भोवत्या त्यांच्या डोक्यावर आला, की सगळे मिळून पाणी उडवीत. एखादा बाजूला निघाला असता तर तो संपला असता. पण बाजूला कोणी निघालेच नाही. भोवत्याने तीन फेऱ्या घातल्या आणि तो कंटाळून गवताकडे निघून गेला. आमची मुलगी म्हणाली, "बाबा, हे तर आपल्या मोर्चासारखं झालं." आम्ही हसलो, परंतु पुतण्या नाराज होता. शिकार झालीच नाही म्हणे!

बहुतेक वेळा ती होतच नाही. वाघाचेही बहुतेक प्रयत्न फसतात. बीबीसीने २०१५ साली 'द हंट' नावाची मालिका काढली होती; तिच्यात शिकाऱ्याचे अपयश जाणूनबुजून दाखवले होते. एरवी मात्र फसलेल्या फेऱ्या कापल्या जातात आणि जिंकलेली एक झेप पडद्यावर राहते. ती पाहून घरी बसलेल्या माणसाला वाटते की बलवान कधी हरतच नाही.

ज्यासाठी आलो होतो ते अकराला दिसले. एका सुरयाने बोटभर लांबीपेक्षा मोठा मासा काढला. मासा लहान असला की सुरय तो लगेच गिळतो. मोठा असला की तो चोचीत नीट फिरवायला वेळ लागतो, आणि तोच वेळ घातक. भिंतीजवळच्या वाळलेल्या बाभळीवरून एक घार निघाली. डोके आणि छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. सुरय चपळ आणि घार अवजड, तरी ओझे सुरयाच्या चोचीत होते. सुरय उजवीकडे वळला, घार वळली. तो पाण्याला टेकेपर्यंत खाली आला, घारही आली. तो एकदम सरळ वर गेला, तेव्हा घार मागे पडली आणि आम्हा सर्वांच्या तोंडून सुटकेचा आवाज निघाला. तेवढ्यात दुसऱ्या बाजूने तशीच दुसरी घार आली. सुरय कर्कश ओरडला. ओरडायला चोच उघडली, की मासा सुटायचाच. तो चमकत खाली आला आणि पहिल्या घारीने पाण्यापासून हातभर उंचीवर तो पायांत धरला. हे सर्व अर्ध्या मिनिटात आटोपले. खोटे कशाला सांगावे, आमच्या छातीत धडधडत होते. पाय आपोआप दोन पावले पुढे गेले होते. आपणही तो मासा हिसकावायला निघालो होतो की वाचवायला, हे आम्हाला सांगता येणार नाही.

पुतण्या आनंदाने नाचत होता. सगळे मिळाले होते त्याला.

"कोणती घार ही?" सौं.नी विचारले.

आम्ही पिशवीतले पुस्तक काढून नाव वाचले आणि थबकलो. ब्राह्मणी घार! वाचकहो, हे नाव आम्ही ठेवलेले नाही. इंग्रजीतही तेच आहे, मराठीतही तेच. दुसऱ्याने कष्टाने काढलेला मासा वरच्यावर झेलणारी म्हणून हे नाव पडले नसावे, पण आमच्या सौ. इतक्या हसल्या की त्यांच्या हातची भाकर खाली पडली. आम्ही म्हटले, हसू नका, पक्ष्याचा यात दोष नाही. तो जात पाळत नाही. मेलेले मासेही खातो, स्वतः शिकारही करतो आणि जमले तर लुटतोही. नावे माणसांनी दिली आहेत. त्याच बाभळीवर थोड्या वेळाने एक काळा, दुभंगलेल्या शेपटीचा लहानसा पक्षी आला आणि त्याने आपल्या कितीतरी पट मोठ्या घारीच्या पाठीवर टोच्या मारून तिला तिथून हुसकावले. त्याचे नाव कोतवाल. आमच्या वडिलांच्या पिढीपर्यंत वऱ्हाडातल्या बऱ्याच गावांत कोतवाल हा आपल्याच वस्तीतला असे. सगळ्या गावाची राखण त्याने करायची आणि ओसरीवर मात्र चढायचे नाही. पक्ष्यांतल्या कोतवालाला कोणी अडवत नाही.

जेवायला बाभळीच्या सावलीत बसलो. तिथे पुतण्याने मोबाईल पुढे केला. अर्ध्या मिनिटाच्या त्या पाठलागाला त्याने ढोल-ताशाचे संगीत लावले होते. वेग कमी करून घारीचे पाय माशावर मिटताना दाखवले होते. आणि खाली अक्षरे टाकली होती: जो बलवान, तोच जगतो.

"पाठवू का वस्तीच्या ग्रुपवर?"

आम्ही म्हटले, "हे वाक्य तुला कुठे सापडले?"

तो म्हणाला, "सगळीकडे हेच असते, काका. क्लासमध्येही सर हेच सांगतात. आणि खरेच तर आहे. मी दोनदा पडलो, कारण मी कमी पडलो. जे निवडले गेले ते ताकदवान होते."

त्याने हे इतक्या साधेपणाने सांगितले की आम्हाला घास गिळवेना. जो मुलगा पहाटे पाचला अनवाणी धावून बूट भरतीच्या दिवसासाठी जपून ठेवतो, तो स्वतःविरुद्धचाच निकाल संगीत लावून सर्वांना पाठवायला निघाला होता.

शिकाऱ्याला पाहण्यात काय गोडी असते, हे आम्हाला त्या क्षणी थोडेसे कळले. पाहताना आपण आपल्याला घारीच्या जागी ठेवतो. दिवसभर कोणाच्या तरी हाताखाली राबलेल्या माणसाला रात्री अर्धे मिनिट का होईना घार व्हावेसे वाटते. यात पाप नाही. परंतु मोबाईल बंद केल्यावर आपण ज्याच्या चोचीतून मासा गेला त्याच्याच जागी असतो, आणि तरी घारीचा कायदा योग्य आहे असे म्हणत झोपी जातो.

आम्ही काही भाषण दिले नाही. जेवताना भाषण देणारा माणूस आम्हालाही आवडत नाही. एवढेच सांगितले, की सर्वांत समर्थ तो टिकतो हा जो शब्दप्रयोग सांगतात तो मुळात डार्विनचा नव्हे. हर्बर्ट स्पेन्सर नावाच्या गृहस्थाने तो १८६४ साली केला, डार्विनने तो मागाहून घेतला. आणि त्यातही समर्थ याचा अर्थ बलवान नव्हे, भोवतालच्या परिस्थितीला जुळणारा. परमपूज्य बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात हाच प्रश्न सरळ उचलला आहे. जगण्याच्या झगड्यात असमानता गृहीत धरली तर दुबळ्याचा पराभव ठरलेलाच. परंतु जो टिकला तो सर्वांत चांगला असेलच असे कशावरून? दुबळ्याला आधार दिला असता तर समाजाच्या दृष्टीने तोच अधिक उपयोगी ठरला नसता कशावरून? म्हणून धम्माने समतेची बाजू घेतली पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद आहे. घारीने काय करावे याबद्दल ते बोलत नाहीत. घारीला घटना लागू नाही. माणसाने घारीचा दाखला देऊन माणसाशी कसे वागावे ते ठरवू नये, एवढाच मुद्दा.

याच ग्रंथाच्या आरंभी कुमार सिद्धार्थाची हकीकत आहे. मित्र शिकारीला बोलावतात, तो जात नाही. मग ते म्हणतात, मारू नकोस, निदान आमचा नेम कसा लागतो ते पाहायला तरी ये. तो त्यालाही नकार देतो. आम्ही हा भाग कितीतरी वेळा वाचला आहे, वर्षावासात वाचून दाखवलाही आहे. परंतु पाहायला येण्याचे आमंत्रण हेही एक आमंत्रणच असते, हे एकबुर्जीच्या भिंतीवर बसून लक्षात आले. मग आम्ही आज काय केले? हा प्रश्न आमच्या मुलीनेच विचारला. आमचे उत्तर असे की माणसाने गंमत म्हणून केलेली शिकार वेगळी आणि पोटासाठी उडणारा पक्षी वेगळा. तरी दगड मारून पाठलाग घडवून आणला असता तर आम्ही त्या मित्रांच्याच पंगतीला बसलो असतो. हे उत्तर पुरेसे आहे की नाही, ते वाचकांनी ठरवावे.

आपले वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. याच शाखेतल्या हरिषेण राजाच्या वराहदेव नावाच्या मंत्र्याने अजिंठ्याचे सोळा क्रमांकाचे लेणे दान दिले. अजिंठ्याला पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिबी राजाची गोष्ट रंगवलेली आहे. ससाण्याच्या तावडीतून सुटलेले कबुतर राजाकडे येते आणि ससाणा विचारतो, याला तू वाचवलेस, मग मी उपाशी मरू का? राजा तराजूत आपले मांस घालतो. पूर्वजन्माच्या कथा आम्ही शब्दशः घेत नाही, बाबासाहेबांनी ती दृष्टी आपल्याला दिली आहे. पण ससाण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. घारीलाही पिल्ले असतात.

एवढा वेळ आई बोलत नव्हती. ती आभाळाकडे पाहत होती. एकदम म्हणाली, "गिधाडं कुठी गेली रे बाप्पा?"

मग ती सांगू लागली. तिच्या लहानपणी गावाबाहेर ढोर पडले की आधी घारी फिरायच्या, मग गिधाडे उतरायची. त्यांच्यापुढे घार काय, कुत्रेही उभे राहत नसे. "आन्‌ त्याच्याही आधी आपली मानसं जायची सुरी घेऊन. घार फिरली का मानसं धावायची." तिच्या वडिलांनी १९५६ नंतर ढोर ओढणे सोडले, म्हणून गावाने काही दिवस त्यांचे काम बंद केले होते. तिने हे आम्हाला पूर्वी कधीच सांगितले नव्हते. आम्ही घारीचा पाठलाग पाहायला आलो होतो. आमची आजी-आजोबांची पिढी घारीच्या मागे पोटासाठी पळाली होती, आणि मग एके दिवशी ठरवून थांबली.

गिधाडांचे काय झाले ते आम्ही आईला सांगितले. जनावरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक नावाचे वेदनाशामक औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी शंभरात नव्व्याण्णवांहून अधिक पंधरा-वीस वर्षांत संपली. जनावरांसाठी ते औषध २००६ साली बंद झाले, तोवर आभाळ रिकामे झाले होते.

"म्हंजे सगळ्यात ताकदवानच मेले," आई म्हणाली.

पुतण्याने मोबाईलकडे पाहिले. त्याने ती अक्षरे पुसली की नाही ते आम्ही विचारले नाही. रात्री वस्तीच्या ग्रुपवर चित्रफीत आली, तिला संगीत होते, अक्षरे नव्हती. चाळीस-पन्नास जणांनी अंगठे दाखवले. एकाने विचारले की हे अमेरिकेतले आहे काय. त्याने लिहिले, एकबुर्जी.

ज्यांना जायचे असेल त्यांनी हिवाळ्यात सकाळी लवकर जावे. नदी सुरयाचा समावेश आता जगभरात धोक्यात असलेल्या पक्ष्यांत होतो. उन्हाळ्यात धरणांचे पाणी उतरले की जी बेटे उघडी पडतात, त्यांच्यावर उघड्या जमिनीतच तो अंडी घालतो. पाणी आणखी उतरले की तिथे कुत्री आणि माणसे पोचतात. त्या दिवसांत फोटोसाठी बेटाकडे जाऊ नये. उन्हात अंडी सोडून पक्षी उडाला तर अंडी भाजतात.

परत येताना वाशीमला चहाच्या टपरीवर थांबलो. पुतण्या पुन्हा चित्रफीत लावून बसला होता. आईने मोबाईल हातात घेतला, पाहिला आणि परत दिला.

"याच्यात नाही हाय," ती म्हणाली.

"काय नाही?"

"तुमी समदे त्या घारीकडं पाहून राह्यले व्हते. मी त्या पाखराकडं पाहत व्हती. थे तिकडं गेलं, त्या बांबूच्या पल्याड. दोनदा बुडलं, काई नाही भेटलं. तिसऱ्यांदा भेटलं. लहानसाच व्हता मासा. पन आता नाही थांबलं थे. तिथंच गिळला."